डिस्कवरचा ठसा

आमच्या लिहिण्याच्या टेबलावर बरेच दिवस एक बिडाची चकती पडून आहे. वजन पाच किलोच्या आसपास. मध्यभागी उलट्या वाटीसारखा फुगवटा आणि त्यात चाकाच्या बोल्टांसाठी पाडलेली पाच छिद्रे. कडेकडून पाहिले तर दोन चकत्या एकमेकींसमोर धरून त्यांच्यामध्ये बिडाच्याच पट्ट्या उभ्या केल्यासारखी रचना. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पंख्याच्या वाऱ्याने उडू नयेत म्हणून ती तेथे ठेवली आहे, असे आम्ही भेटीस येणाऱ्यांना सांगतो. हे कारण खोटे नाही, पण पुरेसेही नाही. ही मोटारीच्या पुढल्या चाकाची ब्रेक-डिस्क आहे. तिच्यावर एक ठसा आहे, आणि तो आम्ही चुकीचा वाचला होता. ज्यांचा सारा व्यवसायच वाचण्याचा आणि वाचायला शिकवण्याचा, त्यांच्या हातून ही चूक कशी झाली, हे आपल्याच व्यवसायबंधूंपुढे एकदा मांडावे असे पुष्कळ दिवस मनात होते.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. शर्यतीसाठी बांधलेल्या रस्त्यावर सामान्य माणसाला स्वतःची गाडी चालवता यावी म्हणून काही दिवस राखून ठेवलेले असतात. त्यांना 'ट्रॅक डे' म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक लागत नाहीत, बक्षिसे मिळत नाहीत. शुल्क भरायचे, हेल्मेट चढवायचे आणि पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्यांमध्ये आपली गाडी काय करू शकते आणि आपण काय करू शकत नाही, हे पाहून घ्यायचे. हा नाद आम्हांस आमच्या भाच्याने लावला. गाडी आमची, उत्साह त्याचा. चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा, १९९० पासून वापरात असलेला. कोल्हापूरहून तो नऊशेहून अधिक किलोमीटरवर पडतो. पण वाट चुकण्याची भीती नाही. आमच्या शिरोलीवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ हाच बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करीत श्रीपेरुंबुदुरकडे जातो आणि ट्रॅक त्याच रस्त्याला लागून आहे.

२०२४ च्या जानेवारीतली गोष्ट. सकाळची पहिली पाळी भाच्याने चालवली. उतरताना तो म्हणाला, "मामा, पेडल जरा खाली जातंय." आम्ही हसून म्हणालो, "तू ब्रेक फार उशिरा मारतोस." बावीस वर्षांचा मुलगा, वळण अंगावर आल्यावर त्याला पेडल खाली गेल्याचे वाटणारच, असा आमचा समज. दुसरी पाळी आमची. तिसऱ्या फेरीत, एका लांब सरळ टप्प्याच्या शेवटी, आम्ही ब्रेक दाबला आणि पाय थेट खाली गेला. ओल्या मातीत पाय रुतावा तसा. घाईघाईने दोन-तीनदा दाबल्यावर थोडा जोर आला, पण वळण निघून गेले होते. गाडी कडेच्या मातीत शिरली, धूळ उडवीत गेली आणि थांबली. कोणास इजा झाली नाही. ट्रॅकवरच्या माणसांनी आम्हांस हळूहळू पिटमध्ये आणले आणि थांबायला सांगितले. आम्ही थांबलो. किती मिनिटे, ते आठवत नाही. इंजिन चालू होते आणि पाय ब्रेकवर होता, एवढे मात्र आठवते.

परतीच्या प्रवासात नवेच दुखणे उपटले. ताशी शंभरच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचे. कृष्णगिरीच्या आसपास आम्ही निदान करून टाकले: डिस्क वाकली. कोणी वाकवली? जो उशिरा ब्रेक मारतो त्याने. भाचा शेजारी बसून होता. त्याने काही उत्तर दिले नाही, आणि आम्ही ते मौन कबुली म्हणून वाचले. घरी पोचल्यावर ताईलाही सांगितले, "तुझ्या लेकाने माझ्या गाडीच्या डिस्क वाकवल्या."

नव्या डिस्क घेणे आले. येथवर आमची समजूत अशी होती, की डिस्क म्हणजे डिस्क. गाडीचा नमुना सांगावा, पैसे द्यावेत, वस्तू घरी आणावी. प्रत्यक्षात दुकानात चार प्रकार समोर आले. एक साधी, गुळगुळीत. दुसरी आरपार छिद्रे पाडलेली. तिसरी तिरप्या खाचा कोरलेली. चौथी छिद्रे आणि खाचा दोन्ही मिरवणारी, वर सोनेरी मुलामा. किमती त्याच क्रमाने वाढत होत्या. चौथीची पहिलीच्या तिपटीहून अधिक. भाच्याशी अबोला नव्हता, पण बोलणे तुटक झाले होते. त्याने फोनवर एवढेच सुचवले, की महागड्या स्पोर्ट्स कारना छिद्रांच्याच डिस्क असतात. आम्हांसही ते पटले. खरे तर पटण्याआधीच आवडले होते. चाकाच्या आऱ्यांमधून त्या फार देखण्या दिसतात.

निर्णयापूर्वी कोणा जाणत्याचे मत घ्यावे म्हणून जुन्या डिस्क पिशवीत घालून आम्ही आमच्या एका माजी विद्यार्थ्याच्या वडिलांकडे गेलो. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत त्यांचा सारा जन्म गेला. कोल्हापूर हे बीड ओतणाऱ्यांचे गाव आहे. वाहनांचे सुटे भाग येथल्या साच्यांतून देशभर जातात. आण्णांनी चष्मा चढवला, डिस्क खिडकीच्या उजेडात तिरपी धरली आणि बोट ठेवून विचारले, "ह्यो डाग बघितला का, सर?"

डाग होता. पॅडच्या आकाराचा, काळसर, कडा स्पष्ट असलेला. दुसऱ्या डिस्कवरही तसाच.

"ही वाकल्याली न्हाई," आण्णा म्हणाले. "तापल्या तव्यावर कुणीतरी हात दाबून बसलंय. गाडी तापल्याली असताना ब्रेकवर पाय ठिवून कोण थांबलं हुतं?"

आम्ही गप्प राहिलो. या वेळी मौन खरोखरच कबुली होते.

पुढच्या तासाभरात त्यांनी जे दाखवले आणि नंतर आम्ही जे वाचून पडताळले, ते थोडक्यात असे. पेडल दाबले की नळीतील द्रवाचा दाब कॅलिपरपर्यंत जातो आणि दोन पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. या घर्षणात पॅडच्या द्रव्याचा एक अतिशय पातळ थर डिस्कवर चढतो. तो चढायलाच हवा. नीट चढलेल्या थरावरच ब्रेक चांगला धरतो. परंतु तो सर्वत्र सारखा हवा. तापलेल्या डिस्कवर पॅड एकाच जागी दाबून ठेवला तर तेथे तो जाड चिकटतो. मग प्रत्येक फेऱ्याला ती जागा पॅडखाली आली की ब्रेक किंचित अधिक धरतो आणि त्याचा धक्का स्टिअरिंगपर्यंत पोचतो. आण्णांनी मायक्रोमीटरने आठ ठिकाणी जाडी मोजली. फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांचा. एवढा फरक हाताला जाणवतो हे आम्हांस खरे वाटेना. पण महामार्गावर आम्हांस जाणवला तो नेमका तेवढाच होता. अमेरिकेतील शर्यतींच्या मोटारींचे प्रसिद्ध अभियंते कॅरल स्मिथ यांनी 'वाकलेली डिस्क' ही बहुतांशी दंतकथा आहे, असे एका लेखात साधार मांडले होते. थरथर खरी असते. वाकणे हा तिचा लावलेला अर्थ असतो.

डिस्क लेथवर फेसिंग मारून घ्यावी का, असे आम्ही विचारले. नव्या डिस्कची जाडी २२ मिलिमीटर. कमीत कमी १९ चालते, आणि तो आकडा डिस्कवरच कोरलेला असतो. आमच्या डिस्क १९.६ वर आल्या होत्या. फेसिंगनंतर त्या सीमेवरच उभ्या राहिल्या असत्या. शिवाय डागाखालचे बीड अतिउष्णतेने कठीण झाले असेल, तर वरचा थर काढूनही तो भाग मऊ होत नाही आणि थोड्या दिवसांत थरथर परत येते. म्हणजे डिस्क बदलायच्याच होत्या. केवळ त्या बदलण्याचे कारण आम्ही समजत होतो ते नव्हते.

आता प्रश्न राहिला पाय खाली गेल्याचा. येथे आम्ही दुसऱ्यांदा उघडे पडलो. ब्रेक निकामी होण्याच्या दोन भिन्न तऱ्हा आहेत, आणि पायाला त्या भिन्न लागतात. पॅड त्यांच्या सोसण्यापलीकडे तापले, तर पेडल टणक राहते, पण गाडी थांबत नाही. द्रव उकळला, तर त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. म्हणून पेडल लिबलिबीत होऊन खाली जाते. बोलीत आपण ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो ते वस्तुतः तेल नव्हे. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलाव्यागणिक त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीचा द्रव ताजा असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळू नये, असा दंडक आहे, सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १५५ वर येते. आमच्या गाडीतील द्रवाने कोल्हापूरचे तीन पावसाळे पाहिले होते. भाचा म्हणाला होता, "पेडल खाली जातंय." चार शब्दांत त्याने रोगाचे नाव सांगितले होते. आम्ही त्याच्या वाक्याऐवजी त्याचे वय वाचले.

मग आम्ही डिस्कच्या निवडीकडे नव्याने पाहिले. प्रश्न असा करून पाहिला: डिस्कला नेमके काय करायचे असते? उत्तर साधे आहे. वेगाची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने पोटात घ्यायची आणि हवेला देऊन टाकायची. आमची गाडी चालकासह १२०० किलोची धरली, तर ताशी १५० वरून ७० वर येताना सुमारे आठ लाख ज्यूल इतकी ऊर्जा कोठेतरी जावी लागते. तिचा सुमारे तीन चतुर्थांश भार पुढल्या चाकांवर येतो; म्हणजे एकेका डिस्कवर तीन लाखांच्या आसपास. एक किलो बीड एक अंशाने तापवायला पाचशेच्या आत-बाहेर ज्यूल लागतात. पाच किलोची डिस्क अशा एकाच ब्रेकमध्ये शंभराहून अधिक अंशांनी तापते. एका फेरीत अशी अनेक वळणे, आणि एका पाळीत अनेक फेऱ्या.

हा हिशेब मांडल्यावर छिद्रांची शोभा उतरू लागली. आण्णांच्या शब्दांत, "भोकं पाडली म्हंजे लोखंड कमी झालं की." लोखंड कमी म्हणजे उष्णता साठवणारे पोट लहान. घरोघरच्या बिडाच्या तव्याचे उदाहरण घ्या: त्याच्या जाडीमुळेच त्यावर एकामागून एक घावन सारखे निघते. छिद्रांना इतिहास आहे. जुन्या काळच्या पॅडमधून तापल्यावर वायू सुटत, त्यांना वाट देण्यास ती उपयोगी पडत. आजच्या पॅडना त्याची गरज जवळजवळ उरलेली नाही. उलट तापण्या-निवण्याच्या चक्रात बिडाला चिरा पडायला सुरुवात होते ती छिद्राच्या कडेपासून. ज्या महागड्या गाड्यांवर छिद्रांच्या डिस्क असतात, त्यांच्या डिस्क मुळातच आकाराने आणि वजनाने मोठ्या असतात. छिद्रे पाडूनही त्यांच्यापाशी पुरेसे बीड शिल्लक राहते. आमच्या छोट्या गाडीच्या छोट्या डिस्कला ती चैन परवडणारी नव्हती. खाचांचे तसे नाही. त्या पॅडचा पृष्ठभाग खरवडून ताजा ठेवतात, म्हणून शर्यतीत त्या वापरल्याही जातात. पण त्यापायी पॅड लवकर झिजतात आणि थोडा आवाज होतो. वर्षातले दोन दिवस ट्रॅकवर आणि उरलेले कॉलेजच्या वाटेवर धावणाऱ्या गाडीला ती किंमत मोजण्याचे कारण नव्हते.

मग साध्या डिस्कमध्ये निवडायचे ते काय? जे चाकातून दिसत नाही ते. दोन चकत्यांमधील पट्ट्या आणि पोकळी, कारण फिरणारी डिस्क पंख्याप्रमाणे मध्यातून हवा ओढते आणि कडेने फेकते. या पट्ट्या वक्र असतील तर डाव्या-उजव्या डिस्क वेगळ्या असतात. बसवताना दिशा पाहावी लागते, आणि वरच्या खाचांवरून ती कळत नाही, आत डोकावूनच कळते. आमच्या मापाला सरळ पट्ट्याच मिळत होत्या. त्याखालोखाल बिडाचा पोत. करड्या बिडात कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने असतो. हे पापुद्रे उष्णता वाहून नेतात आणि कंपन गिळतात. कार्बनचे प्रमाण वाढवलेल्या 'हाय-कार्बन' डिस्क मिळतात. तशी जोडी आम्ही घेतली. छिद्र नाही, खाच नाही, मुलामा नाही.

काव्यशास्त्र शिकवताना आम्ही अकराव्या शतकातील क्षेमेंद्रापाशी दरवर्षी थांबतो. औचित्य हे काव्याचे जीवित, हा त्याचा सिद्धान्त फळ्यावर लिहितो, अस्थानी अलंकाराची उदाहरणे देतो, आणि विद्यार्थी ती टिपून घेतात. अलंकार वाईट असे क्षेमेंद्र म्हणत नाही. तो कोठे, कशावर, कशासाठी, एवढेच विचारतो. हेच तत्त्व गाडीच्या दुकानात उभे असताना आम्हांस सुचले नव्हते. मोठ्या गाडीचा अलंकार लहान गाडीला घालायला आम्ही पैसे घेऊन निघालो होतो. असो.

डिस्क घेऊन काम संपत नाही, हेही या निमित्ताने उमगले. पॅड नवे, आणि अधिक तापमान सोसणारे घेतले; जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचा घाट उमटलेला असतो. द्रव बदलला, तोही अधिक उत्कलनबिंदूचा. आणि यापुढे प्रत्येक ट्रॅक डेपूर्वी बदलायचा असे ठरवले. चारही प्रकारांच्या डिस्कमध्ये जो किमतीचा फरक होता, त्यापुढे हा खर्च किरकोळ होता, आणि आम्हांस मातीत नेले ते या किरकोळीनेच. डिस्क बसवण्यापूर्वी चाकाच्या हबवरचा गंज मेकॅनिककडून घासून काढवला. तेथे गंजाचा एक पापुद्रा राहिला तरी नवी डिस्क डोलते. डायल गेज लावून ती सरळ फिरते की नाही हे पाहिले. मग पहाटे मोकळ्या रस्त्यावर ताशी ८० वरून २० पर्यंत, पूर्ण न थांबता, पुन्हा पुन्हा ब्रेक मारत पॅडचा थर डिस्कवर सारखा चढवला. नवा बिडाचा तवा तेल लावून तापवून तयार करतात तसेच हे. घाई करून चालत नाही आणि मध्येच थांबूनही चालत नाही.

राहिली गोष्ट भाच्याची. फोन करायला आम्हांस चार दिवस लागले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकेत आपण गुण चुकीचे दिले, हे कळल्यावर ते दुरुस्त करण्याची पद्धत विद्यापीठाने घालून दिलेली आहे; घरात तशी पद्धत नसते. आम्ही त्याला डागाविषयी सांगितले, पिटमध्ये पाय दाबून बसल्याचे सांगितले, द्रवाचे सांगितले. आमच्या सांगण्यात माहिती फार आणि कबुली थोडी, असे होत आहे हे बोलताना लक्षात आले, म्हणून शेवटी निव्वळ एवढेच म्हणालो, की चूक आमची होती. तो जरा थांबला. "मामा, पेडल खाली जातंय हे मी तेव्हाच म्हणालो होतो," इतकेच बोलला. आवाजात राग नव्हता. मग ताईलाही फोन करावा लागला. तो अधिक अवघड गेला.

२०२५ च्या जानेवारीत आम्ही पुन्हा इरुंगाट्टुकोट्टैला गेलो. प्रत्येक पाळीची शेवटची फेरी ब्रेकला हात न लावता, हळू, वाऱ्याने डिस्क निववत घ्यायची. पिटमध्ये आल्यावर गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावायचा. पाय आणि हँडब्रेक दोन्ही मोकळे सोडायचे, असा नियम केला होता. पहिली पाळी भाच्याचीच. तो आल्यावर आम्ही खिडकीपाशी जाऊन विचारले, "पेडल कसं आहे?" त्याने थोडा विचार केला. "तीन फेऱ्या एकदम टणक. चौथीत एक बोटभर लांबलं. मग तसंच राहिलं."

आम्ही वही काढून ते शब्द लिहून घेतले, त्यानेच सांगितलेल्या क्रमाने. बोटभर म्हणजे किती, हे विचारले. त्याने बोट धरून दाखवले. दुसऱ्या पाळीत आम्ही चारच फेऱ्या मारल्या.